वाचकांचे प्रश्न : कोर्टाची नोंद शोधताना आधी ठिकाण, मग नंबर, नाव सर्वांत शेवटी

फौजदारी खटल्याची नोंद नेमकी कुठे आणि कशी मिळते, या विषयावर गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. पत्रे निरनिराळ्या गावांची असली, तरी जवळपास प्रत्येक पत्रलेखकाने शोधाची सुरुवात माणसाच्या नावापासून केलेली दिसते, आणि अडचणही बहुतेक तिथेच उभी राहिली आहे. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. गाडीवर कायम चालक ठेवायचा आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्याचे नाव टाकून पाहिले, तर नाशिकच्या यादीत त्याच नावाचे अकरा खटले आले. त्यांतला एखादा त्याचा आहे की नाही, हे कसे ठरवावे? तो मूळचा मालेगाव तालुक्यातला आहे. (एक बागाईतदार, दिंडोरी तालुका)

उत्तर : त्या अकरांपैकी एकही खटला त्याचा नसेल आणि असलाच तर त्याचा खटला त्या यादीत आलाच नसेल, ही शक्यता आधी लक्षात घ्यावी. ई-कोर्ट्सवर जिल्हा निवडल्यानंतर न्यायालय संकुल निवडावे लागते, आणि नावाचा शोध त्या एका संकुलापुरताच होतो. आपण सीबीएस म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकासमोरचे जिल्हा न्यायालय निवडलेले दिसते. मालेगाव, निफाड, येवला, मनमाड, सटाणा, कळवण, सिन्नर या ठिकाणची न्यायालये वेगळी निवडून पाहावी लागतात, नाशिकरोडचेही तसेच. चालक मालेगावकडचा असेल आणि कामानिमित्त मनमाड-येवल्याला राहिलेला असेल, तर पहिला शोध तिथे घ्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट लिपीची. आपण नाव मराठीत उच्चारतो, पण संगणकात ते बहुतेक वेळा रोमन अक्षरांत नोंदलेले असते, आणि ते कसे लिहायचे हे नोंद करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. ज्ञानेश्वर हे नाव एक जण ‘डी’पासून लिहितो, दुसरा ‘जी’पासून, वाघ कुठे ‘डब्ल्यू’ने सुरू होतात, कुठे ‘व्ही’ने, शेख हे कधी नावाच्या आधी येते, कधी शेवटी. म्हणून पूर्ण नाव टाकण्याऐवजी नावाची तीन-चार खात्रीची अक्षरे टाकावीत आणि येणाऱ्या यादीत वडिलांचे नाव शोधावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, ही या कामी फार मोठी सोय आहे. नाव आणि आडनाव जुळणारी माणसे गावोगाव सापडतात, तिन्ही नावे जुळणारी क्वचित. वर्ष प्रत्येक वेळी बदलावे लागते, आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ यांपैकी एकच पर्याय निवडून थांबू नये, दोन्ही एकत्र पाहण्याचा पर्याय तिथेच आहे.

यादी आली की खटल्याचा प्रकार पाहावा. आर.सी.सी. म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा नियमित फौजदारी खटला. एस.सी.सी. या प्रकारात किरकोळ गुन्ह्यांबरोबर न वटलेल्या धनादेशाचे, म्हणजे कलम 138 चे खटलेही येतात, आणि नाशिकसारख्या व्यापारी जिल्ह्यात त्यांची संख्या काही थोडी नाही. त्यातही ज्याचे नाव दिसते तो आरोपी आहे की फिर्यादी, हे नोंद उघडून पाहावे. स्वतःचे बुडालेले पैसे वसूल करण्यासाठी कोर्टात गेलेला माणूस केवळ नाव यादीत दिसले म्हणून ‘केस असलेला’ ठरल्याचे मी पाहिले आहे. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात फिर्यादीच्या जागी महाराष्ट्र शासन किंवा अमुक पोलीस ठाणे असते. धनादेशाच्या खटल्यात तिथे एखादी व्यक्ती, बँक किंवा पतसंस्था असते. एवढ्या एका फरकावरून अर्धी यादी गळून पडते.

गुन्हा नोंद क्रमांक, म्हणजे पोलिसांच्या भाषेत गु.र.नं., माहीत असेल तर नावाचा हा सारा खटाटोप टळतो. संकेतस्थळावर पोलीस ठाणे, गु.र.नं. आणि वर्ष टाकले की थेट खटला समोर येतो. मात्र ठाणे अचूक हवे. पंचवटी, भद्रकाली, अंबड, सातपूर ही ठाणी शहर आयुक्तालयाकडे आहेत, तर दिंडोरी, ओझर, सिन्नर ही ग्रामीण अधीक्षकांकडे, आणि शहराच्या कडेला राहणाऱ्या माणसालासुद्धा आपले ठाणे कोणते हे पुष्कळदा ठाऊक नसते.

इतके करूनही शंका उरलीच, तर त्या चालकालाच सांगून पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र मागवावे. ते त्याच्या संमतीने, त्याच्या अर्जावर मिळते. माझ्या मते खरे तर तुम्ही तिथूनच सुरुवात करायला हवी होती; नोकरी देणारा माणूस रात्री मोबाईलवर नावे शोधत बसतो, त्यापेक्षा समोरच्याला कागद मागणे अधिक सभ्य आहे.

प्रश्न : भाऊबंदकीच्या भांडणात माझ्यावर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला होता. तारखांना नाशिकला यावे लागे. पुढे मी निर्दोष सुटलो. आता एका कामासाठी निकालाची प्रत मागितली आहे. वकील वारले, माझ्याकडे नंबर नाही. सिन्नर न्यायालयाची म्हणून जी नोंद मला सापडली, तिच्यात खटला ‘निकाली’ दिसतो, पण निकालपत्र नाही. (एक शेतकरी, सिन्नर)

उत्तर : आपल्या पत्रातले ‘तारखांना नाशिकला यावे लागे’ हे वाक्य महत्त्वाचे आहे. गंभीर कलम असलेला खटला आधी दंडाधिकाऱ्यांपुढे दाखल होतो आणि तिथून सत्र न्यायालयाकडे वर्ग होतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 209 होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 232 आहे. खटला वर्ग झाला की दंडाधिकाऱ्यांच्या दप्तरी तो ‘निकाली’ म्हणून बंद होतो आणि सत्र न्यायालयात त्याला नवा नंबर मिळतो. आपण पाहिलेली नोंद म्हणजे त्या प्रवासाचा पहिला मुक्काम असावा. निकालपत्र तिथे नसणारच. ते सत्र खटल्याच्या नव्या नंबराखाली, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात शोधावे.

नवा नंबर शोधण्यासाठी गु.र.नं. उपयोगी पडतो, कारण खटल्याचा नंबर बदलला तरी पोलीस ठाणे आणि गुन्ह्याचा नंबर बदलत नाही. अटकेच्या वेळचा जामिनाचा कागद, जामीनदाराकडे राहिलेली झेरॉक्स, समन्स, असा कोणताही जुना कागद घरात असेल तर त्यावर तो बहुधा सापडतो. नसेल तर ठाण्यात वर्ष आणि फिर्यादीचे नाव सांगून विचारणा करावी.

वर्षाच्या बाबतीत एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे. एक पक्षकार शपथेवर सांगत होता की त्याचा खटला 2011 चा. तीन दिवस 2011 च्या नोंदी चाळल्या, खटला नाहीच. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने पिशवीतून एक चुरगळलेले समन्स काढले. गुन्हा डिसेंबर 2011 मध्ये नोंदला होता, पण दोषारोपपत्र मार्चमध्ये दाखल झाले, त्यामुळे खटल्याचा नंबर 2012 चा. गुन्ह्याचे वर्ष एक आणि खटल्याचे वर्ष दुसरे, हे इतके नित्याचे आहे की नंबर सापडला नाही तर पुढचे वर्ष पाहायचेच, अशी सवय तेव्हापासून लागली.

नंबर मिळाल्यावर नक्कल अर्ज करावा. अर्जावर न्यायालयाचे नाव, खटल्याचा नंबर, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी ते स्पष्ट लिहावे. ‘सर्व कागदांची’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. त्याने खर्च वाढतो आणि काम लांबते. तुम्हाला निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल पुरेशी आहे. तुम्ही त्या खटल्यात आरोपी होता, म्हणजे निकालाशी तुमचा थेट संबंध आहे, त्यामुळे प्रत मिळण्याचा तुमचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. पूर्वी हे कलम 363 होते, आता 404. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला निकाल वाचायला चालतो, पण सरकारी कामाला शिक्क्याची नक्कलच लागते, आणि ती घेताना दोन प्रती घ्याव्यात. एक प्रत कुठल्या तरी कार्यालयात जमा होते आणि परत येत नाही.

जुन्या खटल्याचे कागद अभिलेख कक्षात गेलेले असतात. तिथे ठरावीक मुदतीनंतर काही कागद नष्ट केले जातात, परंतु निकालपत्र इतर कागदांपेक्षा जास्त काळ जपले जाते. त्यामुळे साक्षीपुराव्याचे कागद मिळाले नाहीत म्हणून निकालाचाही नाद सोडू नये. आणखी एक पाहून ठेवावे : सरकारने त्या सुटकेवर उच्च न्यायालयात अपील केले होते का. अपील असेल तर शेवटचा शब्द तिथला, आणि तुमच्याकडे कागद मागणारा अधिकारी हे विचारू शकतो.

प्रश्न : मुलीसाठी अमेरिकेतले स्थळ आले आहे. मुलगा ‘ह्यूस्टनला असतो, आधी न्यू जर्सीत एडिसनला होता’ असे सांगतात. तिथे कोर्टाच्या नोंदी काउंटीत मिळतात असे ऐकले. नाशिकमध्ये बसून हे पाहता येईल का? (एक पालक, इंदिरानगर)

उत्तर : बऱ्याच अंशी पाहता येईल, पण अमेरिकेत ‘एकच कोर्ट, एकच यादी’ नाही. पन्नास राज्ये आणि तीन हजारांहून अधिक काउंट्या, आणि खटल्याचे दप्तर बहुतांश राज्यांत काउंटीच्या न्यायालयातील क्लर्ककडे. आपल्याकडचा जिल्हा डोळ्यांपुढे आणला तर काउंटीची कल्पना येईल, मात्र नावे राज्यागणिक बदलतात. लुईझियाना राज्यात काउंटीला पॅरिश म्हणतात. मुख्य फौजदारी न्यायालयाला कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत सुपीरियर कोर्ट, टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट, फ्लोरिडात सर्किट कोर्ट म्हणतात, आणि न्यू यॉर्कमध्ये तर खालच्या पायरीवरच्या न्यायालयालाच सुप्रीम कोर्ट हे नाव आहे. तेव्हा ‘सुप्रीम कोर्टात केस होती’ हे ऐकून धसका घेऊ नये.

प्रथम पत्ता नक्की करावा. ह्यूस्टन शहराचा मोठा भाग हॅरिस काउंटीत आहे, पण शुगर लँडसारख्या उपनगरात राहणारी आपली मंडळीही बोलताना सर्रास ‘ह्यूस्टन’ म्हणतात, आणि शुगर लँड फोर्ट बेंड काउंटीत येते. हॅरिसमध्ये शोधून काही सापडले नाही, याचा अर्थ फोर्ट बेंडमध्ये काही नाही असा होत नाही. एडिसन हे मिडलसेक्स काउंटीत आहे. मुलगा जिथे जिथे राहिला, शिकला आणि नोकरीला होता, त्या प्रत्येक काउंटीचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

काउंटीच्या आतही दप्तरे विभागलेली असतात. टेक्सासमध्ये गंभीर गुन्हे, म्हणजे फेलनी, डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात. त्याखालचे मिसडिमीनर काउंटी कोर्टात. आणि केवळ दंडाचे अगदी किरकोळ प्रकार जस्टिस कोर्टात किंवा नगरपालिकेच्या कोर्टात. न्यू जर्सीची गोष्ट त्याहून निराळी. दारू पिऊन गाडी चालवणे हा तिथे कायद्याच्या भाषेत फौजदारी गुन्हा न मानता वाहतुकीचा अपराध मानतात, आणि तो नगरपालिकेच्या कोर्टात चालतो. म्हणजे मिडलसेक्स काउंटीच्या सुपीरियर कोर्टाची नोंद कोरी मिळाली, तरी ज्या गोष्टीची आपल्याकडच्या आईवडिलांना सर्वांत जास्त काळजी असते, तीच तिथे दिसणार नाही.

राज्य पातळीवरचे शोधही आहेत. टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे दोषसिद्धीच्या नोंदी पैसे भरून नावावरून पाहता येतात. न्यू यॉर्कमध्ये न्यायालय प्रशासन राज्यभराचा शोध 95 डॉलर घेऊन करून देते. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन यांची राज्यव्यापी संकेतस्थळे खुली आहेत. याउलट कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्याचे कागद घरबसल्या उघडता येत नाहीत, ते कोर्टात जाऊनच पाहावे लागतात, आणि 2021 च्या एका निकालानंतर तिथल्या कोर्टाच्या सूचीत जन्मतारखेवरून गाळणीही लावता येत नाही. पटेल, शर्मा, देशमुख अशा आडनावांच्या बाबतीत याचा ताप किती, हे सांगायला नको.

संघराज्याचे खटले काउंटीत कधीच सापडत नाहीत. व्हिसातली फसवणूक, टपाल किंवा फोन-इंटरनेटवरून केलेले आर्थिक गुन्हे हे फेडरल कोर्टात चालतात, आणि त्यांची नोंद पेसर नावाच्या यंत्रणेत असते. तिथे पानाला 10 सेंट पडतात, एका कागदाला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तिमाहीत 30 डॉलरपर्यंतचा वापर माफ असतो. नाव एकदा टाकले की देशभरच्या फेडरल कोर्टांत शोध होतो, ही त्यातली सोय.

नोंद सापडलीच तर शेवटचा रकाना वाचल्याशिवाय मत बनवू नये. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. खटला काढून टाकला असेल तर ‘डिसमिस्ड’ लिहिलेले असते. टेक्सासमध्ये ‘डिफर्ड अॅडज्युडिकेशन’ असा प्रकार आहे, ज्यात अटी पाळल्या की दोषी ठरवण्याचा आदेश होतच नाही. काही जुन्या नोंदी कायद्यानेच बंद किंवा नष्ट केलेल्या असतात, त्या तुम्हाला दिसणार नाहीत आणि दिसू नयेत हाच त्या कायद्याचा हेतू आहे. जाता जाता : लग्नासाठी चौकशी असेल तर आधीच्या घटस्फोटाची नोंदही पाहावी. ती फौजदारी दप्तरात नसते, पण टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट क्लर्ककडेच मिळते.

प्रश्न : दुसऱ्या कुणाच्या खटल्याचे कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात का? (एक कार्यकर्ता, नाशिकरोड)

उत्तर : न्यायालयातील कागदांच्या नकलांसाठी तो रस्ता बंद आहे. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, नकलांसाठी उच्च न्यायालयाचे नियम असताना त्याच नियमांनी अर्ज करावा. त्रयस्थ माणसाने कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागावी. परवानगी मिळणे न मिळणे तुमच्या कारणावर अवलंबून राहील, ‘समाजहितासाठी’ एवढ्या एका शब्दावर नाही.

प्राथमिक माहिती अहवाल मात्र बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो, कारण सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो 24 तासांत तिथे टाकण्याचा आदेश दिला. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांना त्यातून वगळले आहे. दोषारोपपत्र त्याच पद्धतीने प्रसिद्ध करावे ही मागणी याच न्यायालयाने 20 जानेवारी 2023 रोजी फेटाळली. आणि पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला म्हणजे खटला झालाच, असेही नाही. तपासाअंती पोलीस ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, न्यायालयाकडे पाठवतात : गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, फिर्याद जाणूनबुजून खोटी, किंवा प्रकार गैरसमजातून अथवा दिवाणी स्वरूपाचा. समरी मंजूर झालेल्या प्रकरणात आर.सी.सी. नंबर शोधत बसणे व्यर्थ आहे.

प्रश्न : जॅक्सन वधाच्या खटल्याचे मूळ कागद नाशिकच्या न्यायालयात पाहायला मिळतील का? (एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

उत्तर : नाही. 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, पण खटला चालला मुंबईत, उच्च न्यायालयाच्या विशेष न्यायासनासमोर, आणि 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात. त्यामुळे तुमचा पहिला अर्ज मुंबईला, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाकडे जावा. महाविद्यालयाचे शिफारसपत्र आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे, आणि अर्जात ‘जॅक्सन खटला’ एवढेच न लिहिता वर्ष, न्यायालय आणि फाशी झालेल्या तिघांची पूर्ण नावे लिहावीत.